इमर्जन्सी गोळी: गाडी यायच्या आधी

हा आजच्या भागाचा लेखी अवतार. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी, आणि ज्यांना घरी सगळे असताना हा विषय स्पीकरवर लावता येत नाही त्यांच्यासाठीसुद्धा. बोलताना मध्ये येणारे 'अं' आणि 'बघा ना' थोडे कमी केलेत, बाकी मी बोलते तसंच ठेवलंय.

विषय आहे इमर्जन्सी गर्भनिरोधक गोळी. आपल्याकडे सगळे तिला सरसकट 'आय-पिल' म्हणतात, जसं फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतात तसं. या विषयावर तुमचे मेसेज येतात आणि बहुतेकांच्या शेवटी एकच ओळ असते: 'प्लीज नाव घेऊ नकोस.' नाव कुणाचंच घेणार नाहीये. आणि हो, मी डॉक्टर नाही. डॉक्टरकडे कधी जायलाच हवं, तेही मी पुढे सांगणार आहे.

आधी एक हिशोब करूया. समजा, बोरिवलीतलं एक जोडपं. शनिवारी रात्री ११ वाजता कंडोम फाटला. रविवारी सकाळी गोळी आणायला हवी, पण बिल्डिंगखालच्या मेडिकलवाले काका बाबांना ओळखतात. दुसऱ्या मेडिकलवर नेमकी गर्दी. रविवारी घरी पाहुणे. सोमवारी ऑफिस. शेवटी सोमवारी रात्री ९ वाजता, अंधेरी स्टेशनबाहेर, जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही अशा मेडिकलमधून गोळी घेतली. 'पाकिटावर ७२ तास लिहिलंय, आपण वेळेत आहोत,' म्हणून दोघंही निश्चिंत.

किती तास गेले? ४६. वेळेत आहेत हे खरं, पण गोळीचा सगळ्यात जास्त उपयोग होण्याची वेळ लाजेत निघून गेली. आज मला तुमच्यापर्यंत एवढंच पोहोचवायचंय: ७२ तास ही शेवटची तारीख आहे, अपॉइंटमेंट नाही. असं का, हे कळायला ही गोळी शरीरात नेमकं काय करते ते बघूया.

गोळी नेमकं करते काय?

आपण लोकलवाली माणसं, तर लोकलनेच समजून घेऊ.

संबंधांनंतर शुक्राणू बाईच्या शरीरात साधारण ५ दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणजे हे प्रवासी फलाटावर येऊन थांबलेत. स्त्रीबीज ही गाडी. ती महिन्यातून एकदा येते आणि जेमतेम एक दिवस थांबते. प्रवासी आणि गाडी यांची गाठ पडली तर गर्भधारणा होऊ शकते. म्हणून शनिवारी आलेले संबंध आणि मंगळवारी बाहेर पडलेलं स्त्रीबीज, यांचीही गाठ पडू शकते. गर्भधारणा त्याच रात्री होते असं नाही, आणि या गोळीला जागा मिळते ती याच मधल्या वेळात.

गोळीत लेव्होनॉरजेस्ट्रेल नावाचं हार्मोन असतं, १.५ मिलिग्रॅम. ते काय करतं? गाडी लेट करतं. स्त्रीबीज बाहेर पडण्यासाठी मेंदूकडून एलएच नावाच्या हार्मोनचा एक मोठा इशारा येतो. तो इशारा यायच्या आधी गोळी पोटात गेली, तर स्त्रीबीज बाहेर पडणं काही दिवस पुढे ढकललं जातं. तोवर फलाटावरचे प्रवासी संपतात. काम झालं.

पण इशारा येऊन गेला असेल, गाडी यार्डातून निघाली असेल, तर ही गोळी ती थांबवू शकत नाही. त्या दिवशी आपण महिन्याच्या नेमक्या कुठल्या टप्प्यावर आहोत हे आपल्याला बाहेरून कळत नाही. पाळीचं ॲप सांगतं तोही अंदाजच. म्हणून दर तासाला किंमत आहे.

एवढी एक गोष्ट डोक्यात बसली की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. बघा:

ही गोळी गर्भपात करते का? नाही. ती फक्त गाडी लेट करते. गर्भ आधीच रुजलेला असेल तर ती त्याला काहीच करत नाही.

गोळी घेतल्यावर पुढचे काही दिवस आपण सेफ का? अजिबात नाही! गाडी रद्द झालेली नाही, लेट झाली आहे. ती अजून यायचीये. गोळी घेतल्यानंतर दोन-चार दिवसांनी पुन्हा कंडोमशिवाय संबंध आले, तर नवे प्रवासी बरोबर त्या लेट गाडीच्या वेळेला फलाटावर हजर. त्यामुळे पुढची पाळी येईपर्यंत कंडोम हवाच.

आधीच घेऊन ठेवली तर चालेल का? घरात आणून ठेवायला हरकत नाही, उलट शहाणपणाचं आहे. पण रोजच्या गोळीसारखी संबंधांआधी घेत बसण्यासाठी ती नाही.

तासांचा हिशोब

जागतिक आरोग्य संघटनेचा एक मोठा अभ्यास १९९८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. गोळी घेतली नसती तर जितक्या गर्भधारणा झाल्या असत्या, त्यांपैकी किती टळल्या, हे त्यात पाहिलं होतं. पहिल्या २४ तासांत गोळी घेतलेल्यांमध्ये ९५ टक्के टळल्या. २५ ते ४८ तासांत ८५ टक्के. ४९ ते ७२ तासांत ५८ टक्के.

आकडे एका अभ्यासाचे आहेत, वेगवेगळ्या अभ्यासांत ते थोडे वरखाली होतात. दिशा मात्र स्पष्ट आहे. आपलं बोरिवलीचं जोडपं पहिल्या गटातून दुसऱ्या गटाच्या काठावर जाऊन पोहोचलं, ते फक्त ओळखीचे काका टाळायला.

७२ तास उलटून गेले तर? ५ दिवसांपर्यंत, म्हणजे १२० तासांपर्यंत, या गोळीचा थोडाफार उपयोग होऊ शकतो, पण तो बराच कमी. अशा वेळी मेडिकलवर न जाता थेट स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. युलिप्रिस्टल नावाची दुसरी एक गोळी १२० तासांपर्यंत जास्त भरवशाची आहे, पण ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची आणि प्रत्येक मेडिकलवर मिळेलच असं नाही. दोन्ही गोळ्या एकत्र घेऊ नका, त्या एकमेकींच्या कामात अडथळा आणतात.

आणि सगळ्यात भरवशाचा उपाय गोळी नाहीच! तो म्हणजे तांबी, कॉपर टी. संबंधांनंतर ५ दिवसांच्या आत डॉक्टरांनी बसवली तर ९९ टक्क्यांहून जास्त वेळा गर्भधारणा टळते, आणि पुढची काही वर्षंही संरक्षण मिळतं. मूल झालेल्या बायकांनाच तांबी बसवतात हा गैरसमज आहे. पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत, उदाहरणार्थ जुहूचं कूपर किंवा घाटकोपरचं राजावाडी, स्त्रीरोग ओपीडीत जाऊन विचारा.

मेडिकलवर काय मागायचं?

लेव्होनॉरजेस्ट्रेलची गोळी घ्यायला भारतात २००५ पासून डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. २००७ मध्ये मुंबईच्याच सिप्ला कंपनीने 'आय-पिल' बाजारात आणली, २०१० मध्ये तो ब्रँड पिरामलकडे गेला, तीही मुंबईचीच कंपनी. टीव्हीवरच्या जाहिरातींमुळे नाव घरोघरी पोहोचलं. गोळी कशी चालते ते मात्र तेवढं पोहोचलं नाही.

काउंटरवर लग्न झालंय का, नवरा कुठे आहे, असल्या प्रश्नांची उत्तरं द्यायला तुम्ही बांधील नाही. गोळी आणायला मुलगीच गेली पाहिजे असंही नाही. मुलांनो, हे तुमच्यासाठी. पोटात ती घेणार आहे, निदान रांगेत तुम्ही उभे राहा.

आता एक महत्त्वाची गोष्ट. लाजेपोटी लोक पुटपुटतात, 'ते... किट द्या ना.' आता किट म्हणजे प्रेगनन्सी तपासायचं किटही असतं आणि गर्भपाताच्या गोळ्यांचं किटही असतं. गर्भपाताच्या गोळ्या, म्हणजे मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल, हे पूर्णपणे वेगळं औषध आहे. ते डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घ्यायचंच नाही. म्हणून स्पष्ट बोला: 'इमर्जन्सी गर्भनिरोधक गोळी, लेव्होनॉरजेस्ट्रेल दीड मिलिग्रॅम.' तोंडाने बोलवत नसेल तर फोनवर टाइप करून स्क्रीन दाखवा. तिथेच पाकिटावरचं नाव, एक्स्पायरी, आणि सील फुटलेलं नाही ना, एवढं बघून घ्या.

ब्रँड कुठलाही चालेल, आतलं औषध तेच हवं. काही पाकिटांत दीड मिलिग्रॅमची एक गोळी असते, काहींत पाऊण-पाऊणच्या दोन. दोन असतील तर दोन्ही एकदमच घेतल्या तरी चालतात. सरकारी कुटुंब नियोजन कार्यक्रमातही ही गोळी आहे. पैशांची अडचण असेल तर पालिकेच्या आरोग्य केंद्रात विचारा.

घेतल्यानंतर

पाण्याबरोबर गिळायची, बस. मळमळ होऊ नये म्हणून पोटात थोडं काही असेल तर बरं, पण जेवणासाठी तीन तास थांबू नका. गोळी घेतल्यापासून २-३ तासांच्या आत उलटी झाली तर गोळी पडून गेली असं समजून लवकरात लवकर दुसरी घ्यायची.

मळमळ, डोकं दुखणं, थकवा, छाती जड वाटणं, मधेच थोडं रक्त जाणं, हे होऊ शकतं आणि एक-दोन दिवसांत जातं. मधेच गेलेलं हे रक्त म्हणजे पाळी नव्हे. 'रक्त गेलं म्हणजे सुटलो' असं धरू नका.

पुढची पाळी आठवडाभर आधी किंवा आठवडाभर उशिरा येऊ शकते. त्याहून उशीर झाला, किंवा नेहमीपेक्षा फारच कमी गेलं, तर टेस्ट करा. खात्रीचा दिवस म्हणजे त्या संबंधांपासून ३ आठवडे. दुसऱ्याच दिवशी टेस्ट करून काही उपयोग नसतो, तेव्हा ती निगेटिव्हच येते. आणि पाळी चुकलीये, ओटीपोटात एका बाजूला खूप दुखतंय, चक्कर येतेय, असं असेल तर थांबू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. गर्भ नळीत रुजला असेल तर ते जिवावर बेतू शकतं.

टीबीचं औषध चालू असेल तर हे वाचाच

हा मुद्दा कुठल्याही जाहिरातीत नसतो, आणि मुंबईत तर तो सांगायलाच हवा. कारण आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरात किंवा चाळीत कुणीतरी टीबीचा कोर्स केलेला असतो.

टीबीच्या औषधांमधलं रिफाम्पिसिन लिव्हरला असं कामाला लावतं की ही गोळी शरीरातून फार लवकर साफ होते. गोळी वेळेत घेतली, उलटी झाली नाही, तरी गाडी लेट करण्याइतकं औषध रक्तात उरतच नाही. फिट्सवरची काही औषधं, जसं फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटल, आणि एचआयव्हीवरचं एफाव्हिरेन्झ, यांचंही तसंच. यांतलं काही चालू असेल, किंवा बंद करून महिना झाला नसेल, तर मेडिकलवाल्याला नाही, डॉक्टरांना सांगा. तिथे तांबी हा पहिला पर्याय. ती शक्य नसेल तर डॉक्टर गोळीचा डोस वाढवू शकतात. आणि कृपा करून गोळीसाठी टीबीचं किंवा फिट्सचं औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका!

वजनाचाही संबंध आहे. साधारण ७० किलोच्या वर वजन असेल तर या गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो. याचा अर्थ घेऊ नका असा नाही. पण डॉक्टरकडे पोहोचणं शक्य असेल तर त्यांना विचारा.

बाळ अंगावर पीत असेल तरी लेव्होनॉरजेस्ट्रेलची गोळी घेता येते.

ऐकीव गोष्टी

'आयुष्यात दोनदाच घ्यायची, नाहीतर मूल होत नाही.' तुमच्या मेसेजमध्ये हे खूप वेळा येतं. या गोळीने वंध्यत्व येतं याला पुरावा नाही. एकाच महिन्यात गरज पडली आणि दुसऱ्यांदा घेतली म्हणून मोठा धोका होत नाही, पाळीचं वेळापत्रक मात्र विस्कटतं.

मग दर वेळी हीच घ्यायला काय हरकत आहे? हरकत जिवाची नाही, हिशोबाची आहे. रोज घ्यायची गोळी, तांबी, किंवा दर ३ महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन, जे सरकारी केंद्रात 'अंतरा' नावाने मिळतं, हे सगळे इमर्जन्सी गोळीपेक्षा कितीतरी जास्त भरवशाचे. महिन्यातून दोनदा मेडिकलला धावावं लागत असेल तर तुम्हाला इमर्जन्सी गोळी नको, कायमची सोय हवी.

आणि ही गोळी एचआयव्ही किंवा दुसऱ्या लैंगिक आजारांपासून वाचवत नाही. तशी शंका असेल तर सरकारी रुग्णालयात एचआयव्ही टाळण्याची औषधं मिळतात, त्यालाही ७२ तासांचीच मर्यादा आहे, आणि तिथेही जितक्या लवकर तितकं चांगलं.

तरीही दिवस गेले तर?

गोळी घेऊनही दिवस राहू शकतात. घाबरून कुणाच्या सांगण्यावरून काढे, पपई, नाहीतर ऑनलाइन मागवलेल्या गोळ्या, असलं काही करू नका. गर्भपात आपल्याकडे १९७१ च्या कायद्याने ठरावीक अटींवर वैध आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचं मत पुरतं, आणि गर्भनिरोधक साधन फसलं हे कारण लग्न न झालेल्या बाईलाही लागू आहे. २० ते २४ आठवड्यांची मुभा काही ठरावीक परिस्थितींत आहे. त्यातूनही अविवाहित बाईला वगळता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ ला सांगितलं. १८ वर्षं पूर्ण असतील तर संमती फक्त तिची लागते. नवऱ्याची नाही, आईवडिलांची नाही. डॉक्टरांनी तिचं नाव गुप्त ठेवणं हेही कायद्यातच आहे.

१८ च्या आत असाल तर पालकांची संमती लागते, आणि पॉक्सो कायद्यामुळे डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं. म्हणून भरवशाचं एक तरी मोठं माणूस सोबत घ्या, पण डॉक्टरकडे जाणं टाळू नका. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे.

आणि हे सगळं जबरदस्तीने झालं असेल, तर प्रत्येक रुग्णालयाने, सरकारी असो की खासगी, लगेच आणि मोफत उपचार द्यायचे असा कायदा आहे. इमर्जन्सी गोळी त्या उपचारांचाच भाग आहे. 'आधी तक्रार करून या' असं सांगून परत पाठवता येत नाही. ११२ आणि १८१ हे नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

शंभर वर्षांची लाज

जाता जाता एक. १९२१ साली याच मुंबईत एका मराठी माणसाने संततिनियमनाचा सल्ला द्यायला केंद्र सुरू केलं: र. धों. कर्वे, महर्षी कर्व्यांचे चिरंजीव. १९२७ पासून ते 'समाजस्वास्थ्य' मासिक काढत होते, १९५३ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत. याच विषयांवर सरळ मराठीत लिहिलं म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, आणि १९३४ साली त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

त्यांना कोर्टात जावं लागलं. आपल्याला नाक्यावरच्या मेडिकलपर्यंत जायचंय. अवघड दोन्ही आहे, मला माहितीये. मी घाटकोपरला वाढले, आमच्या इथे अजूनही सॅनिटरी पॅड आधी पेपरात आणि मग काळ्या पिशवीत मिळतं. त्या काळ्या पिशवीला माझी हरकत नाही, हवी तर घ्या. फक्त तिच्यापायी दोन दिवस घालवू नका.

या भागातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: कळलं की लगेच, त्याच दिवशी, जवळच्याच मेडिकलवर. प्रश्न असतील तर नेहमीसारखे पाठवा, नाव न लिहिता पाठवलेत तरी चालेल. आणि हा भाग तुमच्या ग्रुपवर टाकायला लाज वाटत असेल, तर एकेकाला वेगवेगळा पाठवा. भेटूया पुढच्या भागात!